काळ्या फायबरचा करडेपणा : दुचाकीच्या प्लास्टिक भागांची निगा

बाजारपेठेत दुकानांसमोर सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत उभ्या असणाऱ्या दुचाक्यांची रांग एकदा लक्षपूर्वक पाहावी. इंजिन उत्तम, टायर नवे, टाकीचा रंगही बऱ्यापैकी टिकलेला. परंतु मडगार्ड, फुटबोर्डाभोवतीचे आच्छादन, आरशांच्या दांड्या आणि नंबरप्लेटमागचा भाग यांवर राख फासल्यासारखा करडेपणा पसरलेला असतो. साइड स्टँडवर लावलेली गाडी डावीकडे कलते आणि तिची उजवी बाजू आकाशाकडे अधिक उघडी राहते. वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची उजवी बाजू अनेकदा डाव्या बाजूहून जास्त पांढुरकी दिसते, त्याचे कारण हेच. घरातील मंडळी त्या करडेपणाला धूळ समजतात आणि अधिक जोर लावून घासतात. ती धूळ नव्हे.

व्यापारी कुटुंबात दुचाकी ही हौसेची वस्तू क्वचितच असते. वसुली, बँक, जवळपासची डिलिव्हरी, मुलांचा क्लास, देवदर्शन, सारे तिच्यावरच. आयकराच्या हिशेबात धंद्याच्या दुचाकीवर घटत्या मूल्याच्या पद्धतीने वर्षाला १५ टक्के घसारा धरतात. म्हणजे लाखाची गाडी तीन पूर्ण वर्षांनी वहीत सुमारे ६१ हजारांवर येते. वहीतील घसारा नीट ठेवलेल्या आणि हयगय झालेल्या गाडीला सारखाच. प्रत्यक्ष बाजारात तसे नसते. जुनी गाडी पाहायला आलेला माणूस इंजिनाचा आवाज नंतर ऐकतो. आधी त्याला करडा मडगार्ड दिसतो आणि त्याच क्षणी तो मनातल्या मनात काही हजार कमी करतो. काळवंडलेला हेडलाइट आणि तडकलेले पॅनेल यांचा प्रश्न तर केवळ किमतीचा नसून रात्रीच्या प्रवासातील सुरक्षिततेचाही आहे.

प्लास्टिकच्या निगेची सवय आपल्याकडे मुरलेली नाही, याला थोडे इतिहासाचेही कारण आहे. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकचे अंग पोलादी पत्र्याचे होते. त्या पिढीचा शत्रू गंज, आणि गंजावरचा उपाय तेलाचा हात. जपानमध्ये होंडा कंपनीने मात्र १९५८ मध्येच सुपर कब या आपल्या छोट्या गाडीचा पुढचा मडगार्ड आणि पायांपुढचे कवच पॉलिथिलीनचे केले होते : हलके, स्वस्त आणि न गंजणारे. आपल्याकडे पुढील दशकांत प्रत्येक नव्या गाडीबरोबर असे भाग वाढत गेले, आणि मेकॅनिक मंडळींनी त्या सर्वांना एकच नाव दिले, 'फायबर'. तेलाचा हात मात्र तसाच चालू राहिला.

फायबर म्हणजे नेमके काय?

'फायबर' हा एक पदार्थ नाही. रंग न दिलेले, हाताला किंचित खरबरीत लागणारे काळे भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. रंगवलेली गुळगुळीत पॅनेले बहुतेक वेळा एबीएस नावाच्या प्लास्टिकची असतात. हेडलाइटची जी 'काच' आपण म्हणतो ती आजकाल काच नसून पॉलिकार्बोनेट असते. एखादा भाग सुटा झाल्यास तो उलटा करून आतून पाहावा. तेथे 'पीपी', 'एबीएस' किंवा 'पीसी' अशी रोमन अक्षरे उठावाने आलेली बहुधा सापडतात. ही अक्षरे ध्यानात ठेवावीत. साफसफाईत आणि पुढे दुरुस्तीत त्यांचा उपयोग होतो.

यांपैकी पॉलिप्रॉपिलीनशी भुसार मालाच्या व्यापाऱ्यांची जुनी ओळख आहे. इटलीतील रसायनशास्त्रज्ञ जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये हा पदार्थ उपयोगी स्वरूपात घडवला. १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना आणि कार्ल झीगलर यांना मिळाले. आज गोदामात साखरेची व धान्याची जी पांढरी विणलेली पोती येतात, ती याच पॉलिप्रॉपिलीनची. असे रिकामे पोते गोदामाच्या सावलीत वर्षानुवर्षे टिकते, आणि तेच पोते अंगणात उन्हात पडून राहिले तर काही महिन्यांत हातात घेताच त्याचा भुगा होतो, हे प्रत्येक हमालाला ठाऊक असते. गाडीच्या काळ्या मडगार्डचे जे होते ते हेच, फक्त फार सावकाश.

पॉलिप्रॉपिलीनचे रेणू म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या लांबच लांब साखळ्या. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण या साखळ्यांवर आघात करतात, हवेतील प्राणवायू तुटलेल्या जागी शिरतो आणि लांब साखळीचे लहान लहान तुकडे पडतात. उष्णता ही क्रिया वेगाने पुढे नेते. वैशाखातल्या दुपारी काळे प्लास्टिक साठ अंश सेल्सियसच्याही वर तापते, तेव्हा त्यावर टेकलेला हात आपण झटकन उचलतो. कारखानदार बचावासाठी प्लास्टिकमध्ये काजळी मिसळतात. शेतात वर्षानुवर्षे उन्हात पडलेले काळे पाइप याच काजळीच्या बळावर टिकतात. त्या पॉलिथिलीन पाइपांसाठीच्या भारतीय मानकात काजळीचे प्रमाण सुमारे अडीच टक्के सांगितलेले आहे. गाडीच्या भागांत काजळीबरोबर प्रकाशापासून बचाव करणारी इतरही द्रव्ये घालतात. ती द्रव्ये हळूहळू खर्ची पडतात. काजळी आतल्या गाभ्याचे रक्षण करते; सर्वांत वरचा पातळ थर मात्र पहिला मार खातो आणि त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा पडतात. अशा भेगाळलेल्या पृष्ठावरून प्रकाश चारी दिशांना विखुरतो, आणि आपल्याला काळ्याऐवजी करडे दिसते. रंग उडालेला नसतो. तो भेगांखाली झाकला गेलेला असतो.

हे पडताळून पाहण्याची सोपी रीत आहे. प्रथम तो भाग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करावा. धुतल्यावर काळेपणा परत आला, तर ती धूळच होती. करडेपणा कायम राहिला, तर ओले बोट त्यावरून फिरवावे. ओले असेपर्यंत तेवढी रेघ दाट काळी दिसेल आणि पाणी वाळताच पुन्हा करडी होईल. पाण्याने भेगा भरल्या तेव्हा प्रकाश विखुरणे थांबले, इतकेच घडले.

घरगुती उपायांचे इंगितही या एका बोटात आहे. खोबरेल तेल, मशीनचे तेल, डिझेलचा पोचारा, हे सारे पाण्याचेच काम करतात. ते लवकर उडून जात नाहीत एवढाच फरक. दोन दिवस गाडी नव्यासारखी दिसते. मग त्या तेलकट थरावर रस्त्याची धूळ बसते आणि तिचा चिकट लेप होतो. खोबरेल खवट होते. बुटांचे काळे पॉलिश लावणारेही पुष्कळ आहेत. त्याचा रंग पँटला किंवा साडीच्या काठाला लागतो, आणि पांढरे कपडे वापरणाऱ्या घरात त्याचा परिणाम काय होतो हे सांगायला नको. काही ठिकाणी गरम हवेचे यंत्र फिरवून काळेपणा 'परत आणून' देतात. त्यात वरचा भेगाळलेला थर वितळून सपाट होतो, म्हणून भाग खरोखर काळा दिसतो. परंतु ऊन त्यावर पुन्हा आपले काम सुरू करते, पातळ भाग वाकडे होतात, आणि पेट्रोलच्या टाकीपासून वीतभर अंतरावर तप्त हवेचा झोत सोडणे हा अविचार आहे. यांपैकी कोणताही उपाय अतिनील किरण अडवत नाही.

म्हणून काळेपणा परत आणणे आणि प्लास्टिक वाचवणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे आधी मनाशी स्पष्ट असावे. पहिले काम बाटली करते. दुसऱ्यातला मोठा वाटा सावली करते. भुसार बाजारात वावरलेल्या वाचकांना यात नवे वाटू नये : पॉलिशच्या तूरडाळीची चकाकी पाहून दाण्याची प्रत ठरवणारा व्यापारी फार काळ टिकत नाही.

धुण्याची रीत

बहुतेक गाड्यांचे प्लास्टिक उन्हाखालोखाल कशाने खराब होत असेल, तर ते चुकीच्या धुण्याने. कोरड्या फडक्याने रोज सकाळी खसाखसा पुसण्याची पद्धत घरोघरी आहे. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, आणि कोरडे फडके म्हणजे मग सँडपेपरच. चकचकीत काळ्या पॅनेलवर उन्हात जे गोल गोल ओरखडे चमकतात, ते याच रोजच्या सेवेचे फळ.

गाडी सावलीत लावून थंड होऊ द्यावी. तापलेल्या प्लास्टिकवर साबण वाळून डाग पडतात. आधी नुसत्या पाण्याने धूळ सुटवावी. मग एका बादलीत वाहनांसाठीचा सौम्य शाम्पू आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी घ्यावे. मऊ मायक्रोफायबर कापड साबणात बुडवून एक भाग पुसला की ते आधी साध्या पाण्यात खळबळून घ्यावे आणि नंतरच पुन्हा साबणात घालावे, म्हणजे निघालेली वाळू गाडीवर परत जात नाही. वरून खाली यावे. साखळीजवळचा आणि चाकांजवळचा भाग शेवटी आणि वेगळ्या कापडाने. खरबरीत पृष्ठाच्या खाचांसाठी जुना मऊ टूथब्रश उत्तम. दोन बादल्यांत गाडी स्वच्छ होते. त्यासाठी नळाखालची पाइप अर्धा तास सुरू ठेवण्याची आवश्यकता नाही.

कपडे धुण्याची पावडर टाळावी. ती तीव्र क्षारधर्मी असते, तिचे न विरघळलेले कण घासतात आणि आधी लावलेला संरक्षक थर ती उतरवून टाकते. रॉकेल, पेट्रोल आणि थिनर यांना तर प्लास्टिकच्या जवळही आणू नये. इंजिनावरचे ग्रीस काढण्यासाठी मेकॅनिक जो बोळा वापरतो, तोच सवयीने पॅनेलवर फिरतो. पॉलिप्रॉपिलीन ते बऱ्यापैकी सोसते. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट सोसत नाहीत. स्क्रूच्या ताणाखाली असलेल्या जागी अशा द्रव्याने बारीक तडे जातात, आणि महिन्याभराने पॅनेल 'आपोआप' तुटले असे वाटते. खिडक्यांच्या काचा पुसण्याची जी द्रव्ये अमोनियायुक्त असतात, तीही हेडलाइटला व पारदर्शक व्हायझरला वर्ज्य समजावीत. वॉशिंग सेंटरवर जोरदार फवारा मारणाऱ्या मुलाला थोडे दूर उभे राहायला सांगावे. जवळून मारलेले पाणी स्टिकर उचकटते, चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरते आणि वायरींच्या जोडांत साचते.

टाकीला पॉलिश करताना हात घसरून काळ्या भागाला पांढरे चट्टे पडले असतील, तर ते पॉलिशच्या खाचांत वाळलेल्या कणांचे असतात. साबणाने न निघाल्यास दवाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मे पाणी घालून ब्रशने हलकेच लावावे आणि पुसून घ्यावे. होळीच्या रंगावर आणि जुन्या तेलकट थरावरही हाच उपाय चालतो. रंगवलेल्या भागावर वापरण्यापूर्वी कोपऱ्यात पाहून घ्यावे.

बाटलीतील वस्तू

बाजारात मिळणाऱ्या प्लास्टिकच्या लेपांचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, दुधासारखा पांढरा, पाण्यात मिसळलेल्या सिलिकॉन तेलाचा. तो फार चकाकत नाही आणि काही आठवड्यांत उतरतो, पण रोजच्या गाडीला हाच माझ्या मते सर्वांत योग्य. दुसरा, तेलासारखा पारदर्शक, पेट्रोलियम द्रावकातला; तो लावताक्षणी झगमगतो, म्हणून वॉशिंग सेंटरवाल्यांचा आवडता. तो हाताला चिकट लागतो आणि धूळ ओढतो. तिसरा, सिलिकायुक्त कठीण थर देणारा, ज्याला 'सिरॅमिक' म्हणून विकतात. तो महाग असतो, परंतु नीट लावल्यास अनेक महिने राहतो; कारण तो भेगांवर पातळ कठीण पापुद्रा धरतो. एकदा फसला की मात्र सहजी निघत नाही. बाटलीवर अतिनील संरक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे का, ते वाचून घ्यावे. नुसता 'चमक' किंवा 'नव्यासारखा काळेपणा' एवढाच दावा असेल, तर आपण दिखाव्याचे पैसे देत आहोत हे समजून घ्यावे.

मेणाच्या पॉलिशविषयी आपल्या वाचकांच्या दृष्टीने एक उल्लेख आवश्यक वाटतो. काही पॉलिशांत मधमाश्यांचे मेण असते, काहींत कार्नोबा. कार्नोबा हे ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून मिळणारे वनस्पतिजन्य मेण आहे. ते ८० अंशांच्या वर वितळते, तर मधमाश्यांचे मेण ६० अंशांच्या किंचित वर. त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात कार्नोबाच अधिक टिकाऊ. ज्यांना मधमाश्यांचे मेण नको, त्यांनी डब्यावरील घटक पाहूनच खरेदी करावी. मेणाचे पॉलिश कोणतेही असो, ते रंगवलेल्या गुळगुळीत भागांसाठी आहे. खरबरीत काळ्या भागांसाठी आणि मॅट रंगाच्या गाड्यांसाठी नव्हे. मॅट रंगावर ते घासले की तेवढाच भाग चकाकू लागतो.

लेप कोणताही घेतला तरी तो गाडीवर फवारू नये. स्वच्छ, पूर्ण कोरड्या भागावर फोमच्या तुकड्याने अगदी थोडा लावावा, दहा मिनिटे थांबावे आणि वर राहिलेला सारा अंश दुसऱ्या कापडाने पुसून काढावा. धूळ ओढतो तो हा उरलेला अंश. चमचाभर द्रव्यात पूर्ण स्कूटर होते.

आणि येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सीट, फुटबोर्ड, पाय ठेवायच्या दांड्या, हँडलची मूठ, ब्रेकचा दांडा, ब्रेकची चकती आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांना या वस्तूंचा थेंबही लागता कामा नये. दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी चमकवून घेतली जाते, सीटवरही उदारपणे हात फिरवला जातो, आणि मागे एका बाजूला पाय टाकून बसलेल्या आजीबाई पहिल्याच गतिरोधकाला घसरतात. ब्रेकच्या चकतीवर उडालेला सिलिकॉनचा तुषार डोळ्यांना दिसतही नाही; पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर तो कळतो. गाडी बाहेर धुवायला देत असाल, तर "फुटबोर्डाला आणि सीटला काही लावू नका" एवढे वाक्य चावी देतानाच सांगावे. त्याला राग येत नाही. उलट त्याची बाटली वाचते.

पिवळट पडलेल्या हेडलाइटला टूथपेस्ट लावण्याचा उपाय प्रसिद्ध आहे. टूथपेस्टमधील बारीक कणांनी वरचा मळकट थर घासला जातो आणि दिवा खरोखर उजळतो. परंतु पॉलिकार्बोनेटवर कारखान्यात दिलेला कठीण संरक्षक थर मुळातच उतरलेला असतो, आणि उरलासुरला या घासण्यात जातो. काही महिन्यांत पिवळेपणा परततो. घासल्यानंतर अतिनील किरण अडवणारा थर द्यायचाच, अन्यथा काच बदलून घेतलेली बरी.

सावली

सर्वांत स्वस्त उपायाला सर्वांत कमी जागा लागते, कारण त्यात करायचे थोडे आहे. दुकानासमोर दिवसभर गाडी उभी राहते, तेथे दुपारी बारा ते चार या वेळेत ऊन कोणत्या बाजूने येते ते एकदा पाहावे; समोरच्या इमारतीच्या सावलीत चार हात सरकवली तरी फरक पडतो. दोन गाड्या असतील, तर छताखालची जागा घरी उभ्या राहणाऱ्या गाडीला न देता दिवसभर बाहेर राहणाऱ्या गाडीला रात्री द्यावी असे काही जण करतात. अतिनील किरणांचा प्रश्न दिवसाचा आहे, रात्रीच्या छताने तो सुटत नाही. आच्छादनाचे कापड घालावयाचे तर गाडी धूळरहित असावी. धुळीवर घातलेले आच्छादन वाऱ्याने हलते आणि ओरखडे काढते. पावसाळ्यात ओल्या गाडीवर ते घट्ट बांधून ठेवू नये. आतील दमटपणाने स्क्रू आणि साखळी गंजतात.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी थोडेसे. विक्रीला ठेवलेल्या गाडीचे काळे भाग बहुधा तेलाने उजळलेले असतात. खिशातील रुमाल साबणाच्या पाण्यात भिजवून मडगार्डची आतली कड आणि वरचा भाग पुसून पाहावा. दोन्हींचा रंग तुलनेने पाहिला की गाडी किती वर्षे उन्हात उभी होती ते कळते. नंतर पॅनेलचा कोपरा हलकेच दाबावा. तो लवचीक असेल तर पृष्ठच खराब आहे. कुरकुर करीत पांढरी रेघ उमटली, तर भाग ठिसूळ झाला आहे आणि पुढच्या खड्ड्याला तुटणार आहे. किंमत ठरवताना तो हिशेबात धरावा.

तुटलेला प्रत्येक भाग टाकून द्यावा लागतो असे मात्र नाही. पीपी अक्षरांचा भाग नेहमीच्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाने धरत नाही. तो त्याच जातीच्या प्लास्टिकची कांडी वितळवून जोडावा लागतो, आणि हे काम करणारे कुशल कारागीर बहुतेक शहरांत गॅरेजांच्या गल्लीत बसलेले असतात. एबीएस गोंदालाही धरते. कारागिराला भागाच्या आतील अक्षरे दाखवली की त्याचा अंदाज चुकत नाही. जोडल्यावर रंग द्यायचा असेल, तर पूर्वी त्यावर सिलिकॉनचा लेप लावलेला होता हे रंगाऱ्याला न विसरता सांगावे. तो नीट काढला नाही, तर ताजा रंग जागोजागी फाकतो, माशाच्या डोळ्यांसारखे गोल खळगे पडतात, आणि भाग पुन्हा मुळापासून घासावा लागतो.